चौथ्या तलावाच्या पाळीवर

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोल, मागून ट्रकचा आवाज येऊन राहिला… कोण, चंदा?

हो, मीच. धनवंता बाई. शाळेतूनच बोलून राहिली.

पाच कुठले, चारच केले असतील मिस कॉल… बरं बाई, पाच. तुझा तो मुन्नालाल मालक फोन काउंटरच्या खणात टाकून देते, तर उचलणार कोण… तू पोळ्या लाटत होती? असू दे वं, मी कुठं काही म्हटलं.

काम?… नाही, काम असं नाही. सहज लावला.

नीतू?… बरी आहे ना. तिले काय झालं… खेळून राहिली असेल कुठं… "असेल" म्हटलं म्हणजे काय? आता तिच्या मागं मागं फिरू का मी?… मार्चात सकाळची शाळा असते चंदा, साडेअकराले सुटते… हो, पाच वाजून गेले… हो, मी अजून शाळेतच आहे…

काऊन म्हणजे… अगं ऐक ना. आधी मी विचारते ते सांग. तिकडं कोहमाऱ्याले, ढाब्यावर, आज कोणी आलं का? आपल्या गावचं… मोठं माणूस नाही. लहान.

चंदा… चंदा, ओरडू नको… हो. पोरगी सापडून राहिली नाही. आधी खोटं बोलली मी, मले माफ कर. खरं सांगायले जीभच रेटेना.

दुपारपासून. शाळेतून घरी गेली हे तुझ्या सासऱ्यानं, यादोरावनं पाहिलं. मग त्यांचा डोळा लागला. तीनले उठले, तर त्यांना वाटलं शेजारी असेल… नाही, म्हाताऱ्याले नको बोलू काही. तो अंगणात डोक्याले हात लावून बसला आहे. चार वाजता माझ्याकडं आला धावत. एका पायात चप्पल, एक पाय तसाच. तेव्हापासून शोधून राहिलो.

पाहिल्या. दोन्ही विहिरी पाहिल्या… गळ टाकून पाहिल्या, काही नाही म्हटलं ना!… तलावातही पोरं उतरली… नीतूची चप्पल? नाही मिळाली कुठं. म्हणजे पायात आहे. म्हणजे चालून राहिली कुठंतरी, असं समज तू.

पोलीस पाटलाले सांगितलं. ठाण्यातही फोन गेला. उमेंद्र सर मोटारसायकल घेऊन निघाले… आपल्या शाळेत नवे आले ते, दिवाळीत भेटले होते तुले… हो, तेच, उंच.

रड. रड, पण फोन नको ठेवू.

कोणी नेली नाही तिले! असलं काही मनात आणू नको, मेलीच मी… ती तुझ्याकडं निघाली आहे, चंदा.

कशावरून म्हणजे… तिची वही माझ्या हातात आहे. यादोराव दप्तरच घेऊन आले घरून. मधलं पान फाडलेलं आहे. नकाशाचं पान.

कसला नकाशा म्हणून मलेच विचारते? माझ्याच हाताखाली काढला ना तू पण, तिसरीत! भिंतीवरचा माझा नकाशा, गाव अन् आजूबाजूचे तलाव… हो, तोच. अजून तोच आहे. दर वर्षी मी त्या भिंतीले चुना मारते अन् दर वर्षी तोच काढते. निळीनं तलाव, गेरूनं रस्ते. चोवीस वर्षं झाली.

आता अंगणातही काढून घेते पोरांकडून. चुन्यानं रस्ता आखायचा. तलाव म्हणून शांतीबाईच्या खिचडीच्या थाळ्या पाणी भरून ठेवायच्या, भोवती चिखलाची पाळ करायची. पोरं उड्या मारत जातात एका तलावावरून दुसऱ्या तलावावर. हसत हसत समजते त्यांना… हो, ग्रुपवर फोटो टाकला होता. साहेबांनी अंगठा दिला होता. आग लागो त्या अंगठ्याले.

सांगते ना, मधात बोलू नको, नाही तर मले सांगता येणार नाही.

मागच्या बुधवारी मी पोरांना म्हटलं, ज्याचं माणूस बाहेरगावी आहे त्यानं एक चिचोका घ्या अन् ते माणूस जिथं असेल तिथं ठेवा. कोणी गोंदियाले ठेवला. एकाचा बाप हैदराबादले, ते पोरगं चिचोका घेऊन गेटाच्या बाहेरच पळालं, सगळे हसले. तुझ्या नीतूनं कोहमाऱ्यावर ठेवला अन् तिथंच बसून राहिली. उठेच ना. तू गेल्या बाजाराले आली नव्हती ना… नाही वं, मी तुले बोल लावत नाही. ढाब्याची सुट्टी काय तुझ्या हातात आहे? पण पोरगी बाजाराच्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसथांब्यावर बसली होती… नाही सांगितलं यादोरावनं? मले शांतीबाईनं सांगितलं.

रडतही नव्हती धड. नुसतं डोळ्यातून पाणी. मले पाहवलं नाही. मग मी तिचा हात धरला अन् म्हटलं… चंदा, मी म्हटलं, "वेडी आहे का तू? आई कुठं लांब आहे? हे पाहा, चारच तलाव. चौथ्या तलावाच्या पाळीवरून उजव्या हाताले वळलं का आई!" अन् चालवून दाखवलं तिले. चार पावलं झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चार पावलं म्हटलं मी. खरे नऊ किलोमीटर. अंगणातलं एक पाऊल म्हणजे बाहेर केवढं, ते सांगायचंच राहून गेलं. घंटा झाली, म्हटलं उद्या सांगू. ते उद्या काही आलं नाही.

दे शिव्या. दे. माझी माय असती तर तिनंही दिल्या असत्या…

एक मिनिट, शांतीबाई काही सांगून राहिली… काय? सरांचा फोन?… काय म्हणाले?… कुठपर्यंत गेले?

चंदा, ऐक. सर पूर्ण वाट पाहून आले. सगळे तलाव, मग चौथ्या तलावाच्या, कुंभारबोडीच्या पिंपळापासून वळून थेट हायवेपर्यंत. नाही दिसली. पंक्चरवाल्याले विचारलं, टरबूजवालीले विचारलं. कोणी पाहिली नाही. आता परत फिरले, कुंभारबोडीवर उभे आहेत.

ढाब्यावर नाही, वाटेत नाही. मग गेली कुठं? माझं डोकं चालून राहिलं नाही, पोरी. तू या वाटेनं किती खेपा पायी गेली-आली. तू सांग. कुठं बसेल ती? कुठं सावली आहे, कुठं पाणी आहे?

नाही, असं घाईनं नको. मोज. तिसरीत मोजायची तशी मोज माझ्यासोबत… हो, आताच. मोज म्हणते ना!

एक, आपला मोठा तलाव. पाळीवर चिंच. बरोबर.

दोन, देवबोडी. तिथं हातपंप आहे, पण तो बंद आहे… चालू झाला? बरं, चालू झाला तर पाणी प्यायली असेल. बरं झालं. मग?

तीन…

काऊन थांबली?

चंदा?… अगं बोल ना, तीन कोणती?

हो.

हो… माहीत आहे मले. शिंगाडाबोडी आता नाही तिथं.

माहीत होतं म्हटलं ना. धान लावते तिथं. तीन वर्षं झाली.

नकाशात?… आहे. माझ्या भिंतीवर अजून आहे. बुधवारी तिची थाळीही ठेवली होती मी, पाणी भरून.

विसरली नाही वं! विसरली असती तर बरं झालं असतं. ती बोडी माझ्या आजानं खोदली. आम्ही कोहळी लोक, पिढ्यान् पिढ्या तलावच केले आम्ही, दुसरं काय केलं? अन् माझ्या सख्ख्या भावानं, हिरालालनं, जेसीबी लावून पाळ फोडली अन् शेत केलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलली नाही. राखी नाही पाठवली. पण भिंतीवरची बोडी काही पुसली नाही. दर वर्षी चुना मारते अन् दर वर्षी निळीनं परत भरते. वाटते, इथून पण गेली तर मग राहिलं काय?

उमेंद्र सर म्हणाले होते मले. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तिथं तर बोडी नाही. पोरांना चुकीचं शिकवून राहिलो आपण." मी त्यांना असं तोडून टाकलं! म्हटलं, तुम्ही परवा आले, माझ्या गावाचा नकाशा मले शिकवू नका.

थांब. थांब थांब थांब. एक, दोन… मग तिले तिसरी दिसलीच नाही. धान दिसला. आठ वर्षाच्या पोरीले काय माहीत, इथं कधी बोडी होती म्हणून? ती पुढं गेली. मग आली कुंभारबोडी. अन् ती कुंभारबोडी तिच्या हिशोबात चौथी नाहीच, चंदा! तिसरी आहे! ती पिंपळाजवळ वळलीच नसेल. चौथी पाहायले सरळ गेली असेल…

रानबोडी. हो, रानबोडीच. कुंभारबोडीच्या पुढं दुसरा तलावच नाही.

नको बोलू ते! मले माहीत आहे कोणते दिवस आहेत. मोहफुलं पडून राहिली, संध्याकाळी अस्वल उतरते, सगळं माहीत आहे मले… शांतीबाई! शांतीबाई, सरांना लावा फोन! तुमच्या फोनवरून, माझा चालू आहे ना! सांगा त्यांना, पिंपळाजवळ वळू नका, सरळ जा… रानबोडी म्हणा. रानबोडी! अन् पाटलाकडं पाठवा कोणाले, म्हणा चार-पाच माणसं तिकडं लावा, डबे वाजवत जा…

नाही, तू कुठं पळते? ऐक. ऐक माझं. तुले वाट उलटी पडते, अन् मधात आमचा फोन आला तर तुले कोण सांगेल? पाच मिनिटं धीर धर. सर कुंभारबोडीवरच आहेत, तिथून रानबोडी दोन-अडीच किलोमीटर. दिवस बुडायले अजून तास आहे… बरा तास आहे. मी इथं ओट्यावर उभी आहे, समोर ऊन दिसून राहिलं मले, चिंचेच्या शेंड्यावर आहे अजून.

मी पण गेली असती. पण हा फोन इथं ओट्यावरच रेंज धरते, खाली उतरली का जाते. तुझ्याशी कोण बोलेल मग?

काय घातलं होतं?… शाळेचाच ड्रेस. लाल रिबिनी. एक सुटली होती, मीच बांधून दिली सकाळी… बाटली नेली. यादोराव म्हणाले, खुंटीवरची बाटली नाही… जेवली होती ना. शांतीबाई, पोरगी जेवली होती ना?… काय म्हणता? हे मले काऊन नाही सांगितलं आधी?

काही नाही वं… अगं काही वाईट नाही. शांतीबाई म्हणते, आज तिनं खिचडी खाल्लीच नाही. डब्यात मागून घेतली. "आजोबाले नेते" म्हणाली. दोन पळ्या जास्त मागितली.

आजोबाले कुठली नेते. तुझ्यासाठी घेतली तिनं.

चंदा… अगं रडू नको अशी… मी कुठं रडून राहिली… हो, रडून राहिली. काय करू? तुले मी या ओट्यावर बसवून बाराखडी शिकवली, अन् तुझ्याच लेकरावर हे आणलं. तू लहान होती तेव्हा ती बोडी होती. तू मोजत गेली असती तर बरोबर पोहोचली असती. माझ्या आजाची बोडी मले भिंतीवर पाहायची होती, त्याच्यापायी झालं हे. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही मले.

माफ नको करू. आता तर नकोच करू. आधी पोरगी मिळू दे.

काय हो शांतीबाई, लागला का?… परत लावा… "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणू द्या तिले, तुम्ही परत लावा!

हो, आहे मी, आहे लाइनवर… नाही अजून… सर शहाणे आहेत, गाडी टाकून पायी जातील शेवटी, तिथं झाडोरा आहे… किती वाजले?… साडेपाच झाले असतील. अगं मी नाही पाहत घड्याळ, मले भीती वाटते पाहायची.

तू पाणी पी. कोणी असेल बाजूले, त्याले म्हण पाणी दे…

वाजला! शांतीबाई, वाजला, उचला! स्पीकर, स्पीकर करा… सर? सर, दिसली का?… तुटून राहिलं सर, परत बोला… काय?…

आहे! चंदा, आहे! आहे वं माय, आहे! रानबोडीच्या पाळीवर बसून आहे!

काही नाही झालं. काही नाही, हात-पाय नीट आहेत. तळपायाले फोड आले, बस. सर तिच्याजवळच आहेत… हो, पाटलाची माणसंही पोहोचून राहिली, डब्यांचा आवाज येऊन राहिला मले इकडं फोनात. अरे देवा. थांब, बसू दे मले.

हो… काय सर? उठून नाही राहिली म्हणजे?… अगं चंदा, सर म्हणतात ती जागची हलत नाही. सर म्हणतात, चल बेटा घरी, तर म्हणते, "नाही, हा चौथा तलाव आहे. मी मोजून आली. बाईनं सांगितलं, इथं आई असते." उजवीकडं वळायले गेली, तर तिकडं रस्ताच नाही, नुसतं रान. म्हणून मग पाळीवरच बसून राहिली तुझी वाट पाहत. डबा मांडीवर. पान हातात… हो, तेच फाडलेलं पान.

थांब, शांतीबाईचा फोन अन् माझा फोन एकाले एक लावते. तू बोल तिच्याशी. सर, फोन पोरीच्या कानाले द्या!… हं, बोल चंदा… बोल ना, ती ऐकून राहिली… नुसती रडू नको अशी, घाबरेल ना ती…

ऐकलं का? ऐकलं का काय म्हणाली ती? "आई, तू कोणत्या तलावावर आहे?" विचारून राहिली.

सांग ना तिले… चंदा?… चंदा, काहीतरी सांग… हॅलो?… हॅलो?

हॅलो… कौन? मुन्नालालजी?… चंदा कहाँ गयी?… आँ? फोन तुमच्या हातात देऊन?… रोडवर?… दूधवाले के पीछे बैठ गयी?… नहीं नहीं, रोको मत. बिलकुल रोको मत, जाने दो. उसको रास्ता मालूम है… चप्पल? रहने दो वो चप्पल तुम्हारे पास… हाँ, मिल गयी बच्ची… हाँ जी. रखो तुम.

शांतीबाई, द्या तो फोन माझ्याजवळ.

नीतू… बाळा, मी बाई बोलून राहिली… हो, होती ना, आईच होती. ती निघाली… तिकडंच येऊन राहिली, चौथ्या तलावावर… खरं. या खेपेले अगदी खरं… नाही, सर तुले उठवणार नाहीत. आई येईपर्यंत कोणी उठवणार नाही, मी सांगते त्यांना. तू बस.

काय गं?… नाही गं माय. तू बरोबर मोजले. तुझं नाही चुकलं. बाईचा नकाशा चुकला.

हो… बाईचंही चुकते.

डबा नको उघडू आता. आई आली का दोघी मिळून खा… शिळी नाही होत, खिचडी आहे ती… हो, थंडी झाली तरी चालते आईले.

उद्या?… उद्या शाळा आहे, पण पाय दुखत असेल तर नको येऊ… येते म्हणते? बरं, ये. आल्यावर भिंतीवरची ती एक बोडी पुसायची आहे… तू पुसते? पुस मग. तूच पुस. मी बादली धरते.

हो. ठेवते आता. मी पण निघाली.